कोपराखालचा तळहात

खरं सांगायचं तर यंदा आषाढात मी देवाशी बोलणं टाकलं होतं. गारगोटी गावात आमचं मूर्तीचं काम वडिलांपासून चालत आलेलं. पंचवीस वर्षं गणपतीच्या मातीत हात आहेत. आई तापाने पडली तेव्हा त्याच्याकडे मी एवढंच मागितलं, चतुर्थीपर्यंत तरी तिला राहू दे. चौथ्या दिवशी ती गेली. माझा इतका संताप झाला की दिवसकार्यालासुद्धा हात जोडले ते फक्त लोकांसाठी.

संतापाला कारणही होतं. मूर्तीचे डोळे आखताना आई माझ्या कोपराखाली आपला तळहात धरायची. बारा वर्षांचा असताना माझा हात थरथरला म्हणून तिने तो पहिल्यांदा धरला, आणि मी दोन पोरींचा बाप झालो तरी सोडला नाही. बायको सासूला चेष्टेने म्हणायची, "आत्या, घोड्यागत वाढलंय की तुमचं लेकरू!" आई म्हणायची, "डोळं आखताना लेकरूच असतंय ते." आखणीच्या वेळी आम्ही खोलीचं दार लावून घ्यायचो, त्यामुळे बाहेरच्या कुणी हे कधी पाहिलं नव्हतं.

आई गेल्यावर तीन दिवस आमची चूल पेटली नाही, पण गल्लीने बारा दिवस भाकरी पुरवली. कुणाची जाड, कुणाची पातळ, कुणाच्या आमटीत डोळ्यांत पाणी आणणारं तिखट. त्या तिखटाचा मला आधार वाटे, रडायला निमित्त मिळायचं. लोक येऊन घटकाभर भिंतीला टेकून बसत आणि उठून जात.

आमच्याकडे नागपंचमीला लोक आपापला पाट मूर्तिकाराच्या घरी आणून ठेवतात. त्याच पाटावर त्यांचा गणपती तयार होतो. यंदा पाट आणू नका, असा निरोप मी घरोघरी दिला होता. तरी सकाळी दार उघडलं तर पडवीत पाटांची चळत! सगळ्यांत खाली आमच्या घरचाही पाट होता. बायको म्हणाली, "बेंदराच्या सणाआधीच घासून ठेवलता आत्यांनी. मी निस्ता आणून ठेवला." मग काय, माती भिजवावीच लागली.

मूर्ती झाल्या, रंग झाले, आणि डोळ्यांपाशी सगळं अडलं. ब्रश टेकवला की हात थरथरे. एका मूर्तीची बुबुळं तीनदा पुसली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी लोक न्यायला आले, तेव्हा मी मान खाली घालून सांगितलं, "डोळं झाल्याबिगर मूर्ती देता येत न्हाय. दुसरीकडनं आणा."

गल्लीच्या टोकाला किराणा दुकान चालवणारी गंगव्वा अक्का पुढे झाली. ती कानडी सीमेकडच्या नेसरीची, गळ्यात लिंग, बोलणं नेहमी वरच्या पट्टीत, मला धाकटा भाऊ मानून तम्मा म्हणायची. "तम्मा, हितं होत न्हाय न्हवं तुझ्यानं? मग आमच्यात येऊन आख की! पाट आमचा, गणपती आमचा. घेऊन चाललो आमी." आणि खरोखरच सगळ्यांनी डोळ्यांविना मूर्ती उचलल्या. असं आमच्या धंद्यात कुणी करत नाही.

पहिलं घर अक्काचंच. ब्रश बुडवला आणि हात थरथरू लागला. अक्का मागे बसली होती. तिने माझ्या कोपराखाली तळहात धरला. पीठ लागलेला, खरखरीत, कढत. मग हात चालू लागला आणि डोळे झाले. "तुझी आई माझ्याकडनं खोबरं न्यायची," अक्का म्हणाली, "दर खेपेला भांडायची. आता कोण भांडतंय माझ्यासंगं?" आणि आम्ही दोघं रडलो.

पुढच्या घरी अक्का सोबत आली आणि तिथल्या माणसांना हात धरायला लावला. कुठे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, कुठे नवी सून. प्रत्येकाकडे आईची एखादी आठवण होती, बहुतेक तिच्या भांडणाचीच. अकरा घरं झाली. अक्काला कोपराचं कसं कळलं, हे मी तिला विचारलं नाही. अजूनही विचारावंसं वाटत नाही. आईला ठेव म्हणून मी देवापाशी हटून बसलो होतो. त्याने काय पाठवलं, ते पाहायला मात्र मान वर केली नव्हती.

चतुर्थीच्या सकाळी आमच्या घरच्या गणपतीचे डोळे तेवढे राहिले होते. या वेळी मी खोलीचं दार उघडंच ठेवलं. गल्ली दारात उभी होती. अक्काने सवयीने हात पुढे केला. मी म्हणालो, "अक्का, ऱ्हाऊ दे. जरा बघतो." आईने घासलेल्या पाटासमोर बसलो आणि ब्रश टेकवला. कोपराखाली कुणाचा हात नव्हता, तरी कोपर हललं नाही. डोळे पूर्ण झाले आणि देव माझ्याकडे पाहू लागला. मी ब्रश खाली ठेवला आणि आषाढानंतर पहिल्यांदा मनापासून हात जोडले.