चव्वेचाळीस फूट बाय वीस

रविवार, ८ डिसेंबर १९७४. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. वेळ नक्की सांगता येते, कारण मी घड्याळाला किल्ली देत होतो आणि पत्नीने स्वयंपाकघरातून विचारले, "अख्ख्या वाशीमात बॅडमिंटन खेळाले जागा नाही, हे तुमी पाहून सांगता का असंच?"

"असेच," मी म्हणालो.

"मग पाहा ना."

लग्नाला चार महिने झाले होते. ती अमरावतीची, कॉलेजच्या संघात खेळलेली. लग्नातल्या भांड्यांबरोबर तिने दोन रॅकेटी आणल्या होत्या. वाकू नयेत म्हणून लाकडी प्रेसमध्ये, चार-चार स्क्रूंनी आवळलेल्या. त्या आल्या दिवसापासून कपाटावर होत्या. आदल्या संध्याकाळी तिचे थोरले भाऊ आले. ते अमरावतीला मास्तर. मुलींचा संघ बांधत होते आणि रॅकेटी अपुऱ्या होत्या. कपाटावर नजर जाताच त्यांनी त्या मागितल्या. मागणी रास्त होती. पत्नी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. रात्रीच्या जेवणावर ठरले ते असे: दुसऱ्या दिवशी पाचच्या अकोला गाडीपर्यंत मी खेळण्याजोगी जागा शोधावी. मिळाली तर रॅकेटी राहतील. नाही तर भावाबरोबर जातील. "तिथं निदान कोणी खेळीन तरी," ती म्हणाली. हे बोलताना ती पदराने रॅकेटीची तार पुसत होती. मी ते पाहिले.

मी भूमापक होतो. त्या कामाची एक सवय लागते: आधी मोजायचे, मग बोलायचे. बॅडमिंटनचे कोर्ट चव्वेचाळीस फूट लांब आणि वीस फूट रुंद असते, एवढी माहिती मी मेहुण्यांकडून लिहून घेतली. स्वतःची कापडी फीत आणि चार खुंट्या पिशवीत टाकल्या आणि साडेसातला निघालो.

गावात एक कोर्ट होते, हे पहिल्या अर्ध्या तासात कळले. ते अधिकाऱ्यांच्या क्लबात होते. फाटकावरच्या चौकीदाराने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"मेंबर आहात काय?"

"नाही. मेंबर कसे होतात?"

"साहेब व्हा लागते."

"बायकांना खेळता येते का?"

"बाया येतात ना. हळदीकुंकवाले."

तेथून शाळेचे मैदान. फीत लावली. लांबी पुरत होती, रुंदी पुरत होती. पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उतार दीड फुटाचा होता आणि मधून पावसाळी ओघळ गेलेला. शिवाय बकऱ्या होत्या. मी नापसंतीची नोंद केली.

तिसरी जागा एका किराणा दुकानाच्या मागे. सपाट, मोकळी, वाऱ्याला दोन भिंतींचा आडोसा. मी मनात पसंत केली. एक खुंटी ठोकून फीत ताणतो न ताणतो तोच दुकानाचे मालक, वयस्क जैन शेठजी, मागच्या दाराने बाहेर आले.

"साहेब, आज रविवार. आमाले तर नोटीस नाही आली."

"मोजणी नाही, शेठजी."

"मग ही फीत?"

"बॅडमिंटनसाठी."

शेठजी मंद हसले. इतका कच्चा बहाणा त्यांनी ऐकला नसावा. त्यांनी आत वळून चहा सांगितला. तेवढ्यात शेजारच्या भिंतीवर एक शिंपी दिसला, गळ्यात त्याची स्वतःची फीत.

"शेठ, चहा काहून पाजून राह्यले साहेबाले? हद्द सरकवाची हाय का?"

"हद्द तर तुझ्या बापानंच सरकवली, दीड फूट!"

"दीड फूट? थांबा, नकाशाच आणतो!"

नकाशा आला. दुसऱ्या घरातूनही नकाशा आला. मग दोन्ही घरांतली माणसे आली. मी तीन वेळा सांगितले की हा खेळ आहे. तिसऱ्या वेळी शिंपी म्हणाला, "खेळच तर चालू हाय साहेब, चाळीस वर्षं झाले." दीड तास गेला. मी खुंटी उपटली, तर दोघेही ओरडले की ती होती तिथेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी दोघांचेही मोजणीचे अर्ज कचेरीत आले. पण ते वेगळे काम.

अशा आणखी दोन जागा झाल्या. एका ठिकाणी फीत पाहून माणसाने घाईने कुंपण आत घेतले. दुसऱ्या ठिकाणी बाहेर काढले. एक वाजता मी घरी परतलो.

जेवताना मेहुण्यांनी सगळे ऐकून घेतले आणि घास बाजूला ठेवून हसले. "जवाईबापू, तुमी कोर्ट शोधाले गेल्ते का कोर्टात जायाले?"

पत्नी हसली नाही. तिने माझ्या पिशवीतून फीत काढली, पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप घातले.

"आता मी येतो," ती म्हणाली. "तुमी काही मोजाचं नाही. विचाराचं."

"मोजल्याशिवाय विचारायचे काय?"

"जागा देता का, हे."

अडीच वाजता आम्ही तिघे निघालो. तिच्या हातात रॅकेटी उघड्या आणि पिसांचे एक शटल. रस्त्यावरच्या दोन बायकांनी थांबून पाहिले. तिने त्यांच्याकडे पाहून मान हलवली आणि पुढे गेली. गावाची शेवटची घरे संपली, तिथे रस्त्यालगत एक खळे होते. ज्वारी मळण्यासाठी नव्याने केलेले: माती भिजवून, चोपून, वर शेणाचा सारवा. गोल, काळसर आणि हाताने पुसल्यासारखे साफ. मधोमध मेढ रोवलेली, मळणीचे बैल जिच्याभोवती फिरतात ती. कडेला मालक बसला होता, कमरेला हात लावून.

"जयभीम, साहेब," तो मला ओळखून उठत म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. "मोजणी निघाली का काय?"

मी तोंड उघडण्याआधी पत्नी म्हणाली, "नाही काका. आमाले खेळाले जागा पाहिजे."

"कोण खेळते?"

"मी."

"अन् साहेब?"

"ते मोजतात. आज फीत घरी हाय."

तो मोकळा हसला. त्याने शटल हातात घेऊन फिरवले. "हे कोंबडीचं हाय का?"

"बदकाचं," मेहुणे म्हणाले.

"तरीच." त्याने खळ्याकडे पाहिले. "कणसं बुधवारी येतील. तोवर हे दबाले पाहिजे, अन् माही पाठ चोपाची धुम्मस उचलू नाही देऊन राह्यली. तुमी नाचसान तर दबते. पण पायातलं काढा. देवाचं नाही, दाण्याचं हाय. खडा खळ्यात आला का ज्वारीत येते, अन् ज्वारीतून दातात."

आम्ही चपला काढल्या. मेढीपासून कडेला उभ्या केलेल्या त्याच्या बैलगाडीपर्यंत दोरी बांधली आणि तिच्यावर तीन गोणपाटे टाकली. ती जाळी. सीमारेषा म्हणजे खळ्याची कड.

पत्नीने पदर खोचला आणि पहिली सर्व्हिस केली. मी तिला तोपर्यंत खेळताना पाहिले नव्हते. इतकेच लिहितो की मेहुण्यांना धावावे लागले. ओलसर सारव्यावर ते एकदा सपशेल बसले. धोतरावर हिरवा शिक्का उमटला.

"बसा, बसा मास्तर," मालक कडेवरून म्हणाला. "तिथं जरा उंचच होतं."

पंधरा-सहाने ते हरले. मग मी उभा राहिलो आणि पंधरा-तीनने हरलो. तीनपैकी दोन गुण तिने सोडले, असा माझा अंदाज आहे.

"बुधवारनंतर काय?" मी मालकाला विचारले.

"रास उचलली का खळं खाली. मंग तुमचंच. जवारी अन् बाई, आलटून पालटून."

साडेचार झाले होते. पत्नीने रॅकेटी पुसल्या आणि भावापुढे धरल्या. "जागा तीन दिवसांची हाय," ती म्हणाली. "करार पुरा झाला का नाही, तू सांग."

त्यांनी धोतरावरचा शिक्का पाहिला, मग तिच्याकडे. "ठेव वं माय. पोरींसाठी मी दुसरीकडं पाहातो. पण सुट्टीत ये अन् त्याहिले शिकव."

"येतो."

पाचची गाडी सव्वापाचला सुटली. खिडकीतून मेहुणे ओरडले, "जवाईबापू, फीत कुलपातच राहू द्या!"

ती तशी राहिली नाही. सोमवारी कचेरीला लागली. पण ते खळे मी कधी मोजले नाही. त्यावर आम्ही पुढे चार हिवाळे खेळलो आणि त्याची लांबीरुंदी मला आजही ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी पाय धुतले. रॅकेटी प्रेसमध्ये बसवल्या, आठही स्क्रू आवळले आणि कपाटावर न ठेवता दाराजवळच्या खुंटीला अडकवल्या.