निळ्या छताखालची वास्तुशांत

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आम्ही घर बांधलं, तेव्हा गावातली माणसं घरापेक्षा माझं छत बघायला आली. पत्र्याच्या आतून मी फोमचे टणक निळे बोर्ड लावून घेतले होते. वर पत्रा तव्यासारखा तापलेला आणि खाली माणूस पंख्याशिवाय डुलकी काढतोय! येईल त्याला भर दुपारी खोलीत उभं करून मी जादूगारासारखा हात वर करायचो.

"लई गार हाय," शेजारचे काका म्हणाले. "पर गोठ्याला लावलं असतंस, तर म्हशीनं दूध तरी जास्त दिलं असतं."

एकच काम राहिलं होतं. हा फोम उघडा ठेवायचा नसतो. तो चटकन पेटतो आणि काळा, जीव घुसमटवणारा धूर सोडतो. त्याखाली सिमेंटच्या शीट ठोकायच्या होत्या. पण त्या आणणारा टेम्पो कापूरहोळला बंद पडला आणि मुहूर्त तर दुसऱ्या दिवशी सकाळचा.

"होम अंगणात करू," मी म्हणालो.

"मग राहायलाही अंगणातच जा," आई म्हणाली. आईपुढे मी पन्नाशीतही दुसरीतला.

भोरहून गुरुजी आले. वाळूच्या घमेल्यात होमकुंड बसलं. गुडघ्यांमुळे आईला धरल्याशिवाय उठता येत नाही. तिची खुर्ची आतल्या भिंतीशी. दार पार दुसऱ्या टोकाला, मधे होम आणि माणसांची दाटी. माझ्या उपरण्याला बायकोच्या पदराची गाठ.

मी पळीत थेंबभर तूप घेतलं.

"यजमान, हात सढळ ठेवा."

"चहात दूधही असंच घालतात," बायको म्हणाली. बायका हसल्या. मीही हसलो. पण त्या गार खोलीत मला दरदरून घाम फुटला होता. प्रत्येक 'स्वाहा'ला ज्वाळा उसळायची आणि माझे डोळे तिच्यामागून छताकडे.

"वर काय बघतोस? देव समोर आहेत," आई म्हणाली.

तेवढ्यात होमाच्या बरोबर वरचा बोर्ड चकाकू लागला. मग तो वितळून त्यात वाटीएवढा खळगा पडला. बघता बघता तो ताटाएवढा झाला.

'आग' म्हणून ओरडावं, तर सगळे दाराकडे धावणार आणि आई मागे राहणार. न ओरडावं, तर... मी बायकोचं मनगट दाबलं आणि डोळ्यांनी वर दाखवलं.

तिने पाहिलं. तांब्यातलं पाणी दोन पंच्यांवर ओतलं आणि एक माझ्या हातात दिला. "गुरुजी, अग्नी बाहेर न्यायचाय. मंत्र थांबवू नका."

गाठ तशीच. घमेलं दोघांच्या मधे धरून आम्ही खेकड्यासारखे आडवे चालत दाराकडे निघालो. गर्दी काही विचारीना! लोकांना वाटलं, हाही विधीच. त्यांनी हात जोडून वाट दिली. काकांनी तर आमच्यावर अक्षता टाकल्या.

अंगणात घमेलं टेकवलं आणि मी आत धावलो. गाठीमुळे बायको मागोमाग. आई छताकडे बघत खुर्चीत बसली होती. आम्ही तिला खुर्चीसकट उचललं. दाराबाहेर आणलं. मग माझं उपरणं घट्ट धरून ती म्हणाली, "पूर्णाहुती इथंच कर."

पुढे गावात एक वास्तुशांत झाली. तिथल्या जोडप्यानेही होम अर्ध्यावर उचलून अंगणात नेला. कारण कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आता शीट लागल्या आहेत, खळगा झाकला गेला आहे. आई त्याच खोलीत संध्याकाळी निरांजन लावते.

"बस की जरा," ती म्हणते.

"उभाच बरा," मी म्हणतो आणि वात विझेपर्यंत तिच्या खुर्चीची पाठ धरून उभा राहतो.