पिवळं ग्रीस

"डबा कुणी भरला ते सांगा आधी!"

"भरला तर भरला. रिकामा डबा फळीवर शोभेला ठेवायचा असतो का?"

"रिकामा नव्हता तो, बाबा. त्यात तळाला सिलिकॉनचं ग्रीस होतं, पांढरं. तुम्ही वरून पिंपातलं पिवळं लोटलंत."

"पांढरं काय न् पिवळं काय, बुळबुळीत असल्याशी कारण! रबर जागेवर बसायला बुळबुळीत लागतं, लग्नाचा रंग नाही बघायचा."

गॅरेजच्या टेबलावर मुलीनं दोन झाकणं उताणी ठेवली होती. त्यांत आठ दिवस दोन सारख्याच रबरी रिंगा बुडवून ठेवलेल्या, एक पांढऱ्या ग्रीसमध्ये, एक पिवळ्यात. पांढऱ्यातली होती तशीच होती. पिवळ्यातली फुगून, मऊ पडून एखाद्या आजारी माणसाच्या ओठासारखी दिसत होती. मुलीनं ती पाण्याच्या पाइपाच्या खाचेत बसवायचा प्रयत्न केला. बसेना.

"बघा. तेलाच्या जागेचं रबर वेगळं, पाण्याच्या जागेचं वेगळं. पाण्याच्या रबराला तेलकट ग्रीस लावलं की महिन्याभरात असं होतं. मग गळती. चार गाड्या परत आल्या त्या ह्याच्यामुळे, काकांच्या हातामुळे नाही."

तिच्या बापानं, मास्तरांनी, रिंगेकडे पाहिलंही नाही. त्यांना सगळे मास्तरच म्हणत, त्यांची बायको जिवंत होती तेव्हा तीसुद्धा. बाराव्या वर्षी एका उस्तादाकडे गाड्या धुवायला लागले. त्या उस्तादाला फळीवर रिकामा डबा दिसला की मास्तरांचं थोबाड लाल व्हायचं. तेव्हापासून सेहेचाळीस वर्षं ते असतील त्या गॅरेजात कुठला डबा अर्ध्याच्या खाली गेला नव्हता. दिवसाचं शेवटचं काम तेच. एका हातात पळी, दुसऱ्यात पिंपातून भरलेली बादली, आणि फळीवरून एक फेरी. डब्यावर काय लिहिलंय ते वाचायचे नाहीत. वाचणाऱ्यांना ते 'कॉलेजचे मेकॅनिक' म्हणत, आणि मुलगी त्यांतली पहिली.

शिकवायचे मात्र उस्तादासारखंच. मुलगी चौदाची असताना तिनं क्लॅम्प उलटा लावला, तर तिचा तळहात गरम रेडिएटरवर टेकवून धरला होता. "आता जन्मात विसरायची नाहीस," म्हणाले होते. ती विसरली नाही, क्लॅम्पही नाही आणि तळहातही नाही.

एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली राबला तो चष्मा; मुलगी त्याला काका म्हणे. जाड काचा म्हणून नाव चष्मा. पाण्याच्या पंपाचं, थर्मोस्टॅटचं, सगळं गळतीचं काम तोच करायचा. चौथी गाडी टपटपत परत आली तेव्हा मास्तरांनी गिऱ्हाइकांसमोर त्याच्या नाकावरचा चष्मा काढला आणि उघड्या बॉनेटच्या कडेला अडकवला.

"दिसत नाही तर घालतोस कशाला? एकोणीस वर्षं इथं गाढव बांधलं असतं ना, ते रिंग बसवायला शिकलं असतं!"

गिऱ्हाइकं हसली. चष्मा हात पुढे करून बॉनेट चाचपडत राहिला, तेव्हा आणखी हसली. त्यानंतर मास्तरांनी आसपासच्या तिन्ही गॅरेजांत फोन केले. "त्याचे डोळे गेलेत. ठेवायचा असेल तर पाणी पाजायला ठेवा." तीन आठवडे झाले, त्याला कुणी दारात उभं केलं नाही.

"काका आलेत," मुलगी म्हणाली. "मी बोलावलंय. त्यांचे पाने न्यायला."

चष्मा दारातून आत आला. मास्तरांना नमस्कार केला नाही. मागच्या भिंतीशी जाऊन आपली पेटी उघडली आणि एकेक पाना फडक्यानं पुसून आत ठेवू लागला.

"काका, ही रिंग बघा. तुमची चूक नव्हती. डब्यात ग्रीसच दुसरं होतं."

चष्म्यानं रिंग घेतली, डोळ्यांजवळ नेली, दोन बोटांत दाबली. मग मास्तरांकडे बघितलं.

"बाबा, फोन लावा," मुलगी म्हणाली. "तिन्हीकडे. म्हणा, चूक माझी होती, ह्याचा हात चांगला आहे. एवढंच."

"मी? फोनवर? ह्या वयात?"

"त्या वेळी वय आडवं आलं नाही."

"तू तुझ्या बापाला त्यांच्यासमोर नाक घासायला लावणार?"

"काकांचं नाक सगळ्यांसमोर घासलंत तुम्ही. मी तर फोनवर सांगा म्हणतेय."

मास्तर खुर्चीवर बसले. हातातलं फडकं पिळून बाजूला ठेवलं. चष्म्याकडे वळले. मुलीला वाटलं, आता येतंय.

"हे बघ रे," ते चष्म्याला म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. मी मनात काही ठेवत नाही. मोठ्या मनानं माफ करतो तुला. उद्यापासून ये. पण पाण्याच्या कामाला हात लावायचा नाही. गाड्या धू. एवढ्या वर्षांचा माणूस, उपाशी थोडाच मरू देईन!"

मुलीनं कपाळाला हात लावला. "बाबा..."

"काय बाबा? याहून जास्त कोण देतंय त्याला? तीन गॅरेजं उभं करत नाहीत!"

चष्म्यानं शेवटचा पाना पुसला आणि ठेवला. पेटीची कडी लावली. फुगलेली रिंग टेबलावर परत ठेवली, अगदी झाकणाच्या मध्यावर.

"अरे, तुझ्याशी बोलतोय मी! येणार की नाही?"

पेटी जड होती. ती दोन्ही हातांनी उचलून तो उंबऱ्यापर्यंत गेला.

"आता ऐकूही येत नाही वाटतं?" मास्तर हसले, आणि हसायला कुणी आहे का ते बघायला मुलीकडे वळले. मुलगी दाराकडे बघत होती.

दारात कुणी नव्हतं.