जोडीला कविता

आमच्या बाई कुणालाही नुसती कादंबरी देत नसत. युसूफ वडगावच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावच्या सोसायटीच्या मागच्या खोलीत वाचनालय. तिथं बाई ग्रंथपाल. कादंबरी मागितली की तिच्यावर कवितेचं एक पुस्तक ठेवून दोन्ही पुढं सरकवत. "जोडीला हे." नको म्हटलं तर कादंबरीही परत कपाटात. युरियाच्या गोणीबरोबर दुकानदार नको असलेली औषधाची बाटली गळ्यात मारतात, त्याला आमच्याकडे लिंकिंग म्हणतात. म्हणून गावानं त्यांना लिंकिंगबाई नाव ठेवलं. त्यांना ते आवडायचं. "खतात चालतं, मग कवितेत कावून न्हाई?" असं वर विचारायच्या.

मी तेव्हा शाळेवर नवीनच लागले होते आणि कादंबऱ्यांचा फडशा पाडायचे. कविता म्हणजे परीक्षेत अर्थ लिहायची कटकट, हे माझं मत मी बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "अर्थ कोण मागतंय तुला? भाकरी थापताना एक ओळ तोंडात ठेव. विरघळली तर विरघळली." मग एकदा त्यांनी सबंध ओव्यांतच लिहिलेली कादंबरी दिली. एका नावाड्याच्या पोरीची गोष्ट. मला वाटलं, बरं झालं, एकाच पुस्तकात दोन्ही उरकलं. कसलं उरकतंय? भाजी करपली, नवरा लोणचं-भाकरी बांधून कामाला गेला, आणि मी त्या पोरीचं लग्न मोडतंय की काय या काळजीत.

दुष्काळाच्या साली टँकरची वाट बघत बायका उन्हातान्हात बसून राहत. बाईंनी तेच पुस्तक तिथं नेलं. घागरींच्या रांगेशेजारी लिंबाखाली बसून रोज चार पानं मोठ्यानं वाचत. सुंदरकाकू आधी चिडली. "इथं प्यायला पाणी न्हाई, अन् हिची नाव चाललीय." दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "पोरगी पोचली का पलीकडं?"

त्याच उन्हाळ्यात चेअरमन अण्णांचा निरोप आला: कवितेचं कपाट रिकामं करा, तिथं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं लावायची आहेत. दुष्काळात कविता कुणाला लागती, असं वर त्यांचं म्हणणं. अण्णा माणूस वाईट नव्हते, पण त्यांच्या मनात आलं म्हणजे झालंच, असं सगळं गाव धरून चालायचं. बाई थेट त्यांच्या दारात गेल्या. "दुष्काळात हारतुरे लागत्यात, सत्काराला शाल लागती. मग कवितेनंच काय घोडं मारलंय तुमचं?" अण्णा हसले आणि म्हणाले, सभा झाली की कपाट उचलू.

आमच्याकडची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना सांगायला नको. सचिव विषय वाचतो, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मंडप "मंजूर, मंजूर" करतो, कारण पलीकडे जेवणाचा वास सुटलेला असतो. बाईही सोसायटीच्या सभासद होत्या. ऐनवेळचे विषय आले तशा त्या उठल्या, माईक घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "कवितेचं कपाट हलवू नये. उलट त्याच्याशेजारी दुसरं घ्यावं." मंडप सवयीनं म्हणाला, "मंजूर, मंजूर." अण्णा "आरं थांबा, आइका तर" म्हणत उठेपर्यंत अर्धी सभा चपला शोधत होती. तेवढ्यात मागून सुंदरकाकू म्हणाली, "म्या नीट आइकलंय अण्णा. मंजूर हाय." तिच्या मागं टँकरच्या रांगेतल्या साऱ्या बायका उभ्या होत्या. अण्णा खाली बसले. दुसरं कपाट दिवाळीच्या आत आलं.

मागच्या उन्हाळ्यात बाई केजला दवाखान्यात होत्या. मी त्यांच्यासाठी एक जाडजूड कादंबरी घेऊन गेले. त्यांनी ती मागून-पुढून पाहिली आणि विचारलं, "जोडीचं कुठं हाय गं?" उद्या आणते म्हटलं. तो उद्या काही त्यांनी मला दिला नाही. फार राग आला मला. अजून येतो.

शाळेतून निवृत्त झाल्यावर आता वाचनालय मी बघते. परवा नवे चेअरमन आले. दोन्ही कपाटांकडे बघून म्हणाले, "मॅडम, एवढ्या जागेत कॉम्प्युटर बसतील." मी म्हटलं, "आणा सभेत. मी अन् सुंदरकाकू पुढंच बसतो." त्यांनी विषय बदलून वाचायला एखादी रहस्यकथा मागितली. मी काढून दिली, आणि वर नावाड्याची पोर ठेवली.

"हे नको," ते म्हणाले.

मी रहस्यकथा उचलली आणि कपाटाकडे वळले.

"बरं, द्या दोन्ही."