दुर्बिणीच्या पेटीतला लिंबाचा पाला

मी काही लेखक नाही, धाडस करतोय, माफ करा. पण आज कडुलिंबाच्या वासानं राहवलं नाही. सुट्टीत कॉलेजच्या सरांनी विश्वासानं दिलेली छोटी दुर्बीण मी भूमला घरी आणली होती. धान्यात घालतात तसा आईनं दुर्बिणीच्या पेटीत लिंबाचा ओला पाला घातला. "न्हाईतर कीड लागंल की रं!" संध्याकाळी भिंगावर चिकट डाग दिसला, पुसला तरी निघेना. तरी दुर्बीण चंद्रावर लावली. आई डोळा लावून बघत राहिली. "आपल्या माळावानीच लई खड्डे हायत!" मग मी दुर्बिणीला मोबाईल टेकवला, फोटो तिनंच काढला. दुर्बीण परत करताना सरांना सगळं खरं सांगितलं, आईनं काढलेला फोटोही दिला. आज त्यांचा निरोप आला: "डाग निघाला. तुझ्या आईंचा चंद्र प्रयोगशाळेत लावलाय."