शमीमबाजींचं खातं

कोणतीही गोष्ट सुरू करण्याआधी शमीमबाजी ती बंद कशी होते ते विचारायच्या. मग तो पंखा असो, मिक्सर असो, नाहीतर नात्यातलं लग्न. दारव्ह्याच्या बसस्थानकामागे त्यांचे भाऊ रफीकभाई यांचं वर्कशॉप होतं. कापसाच्या भावावरचं आमच्या संघटनेचं पत्रक द्यायला मी तिथं पहिल्यांदा गेले. बाजींनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं.

"आंदोलन सुरू कवा होते ते लिवलं. बंद कवा करता?"

"मागण्या मान्य झाल्यावर," मी ताठ मानेनं म्हणाले.

"अन् नाई झाल्या तं?"

आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं यायची. मी वाचायला शिकले तीही पत्रकांवरच. पण हा प्रश्न त्यातल्या एकाही पत्रकात नव्हता. त्या दिवशी मी नुसता चहा पिऊन परत आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

बाजींना ही सवय वडिलांच्या अपघातातून लागली होती. ते कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. त्यांची दोन बोटं यंत्रात गेली, कारण यंत्र थांबवायचा दांडा कुठं आहे हे शेजारी उभ्या माणसाला ठाऊक नव्हतं. बाजी हे सांगताना रडायच्या नाहीत. "चालू करनारे लय असतात पोरी. बंद करनारा पाह्यजे," एवढंच म्हणायच्या.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आसपासच्या जिनिंग एकेक करून बंद पडल्या, तसं वर्कशॉपमधलं सुटे भाग बनवायचं कामही आटलं. रफीकभाई वडिलांच्या, लोखंड कातायच्या लेथ मशीनसमोर स्टूल टाकून पेपर वाचत बसू लागले. बाजींनी मात्र आयटीआयमध्ये शिकलेलं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर उतरवलं. कामं मिळवून देणाऱ्या एका वेबसाइटवरून त्यांना तुर्कस्तानातला एक कारखानदार मिळाला. त्याच्याकडेही जुनी जिनिंग यंत्रं होती आणि त्यांच्या भागांचे नकाशे कुणाकडेच नव्हते; ते बाजी काढून देऊ लागल्या. दारव्ह्याचा धंदा बुडवणारी मंदी पाहून मी पत्रक लिहिलं. बाजींनी त्याच मंदीत परदेशी गिऱ्हाईक पकडलं. मला ते जरा तत्त्वशून्य वाटलं होतं.

प्रश्न होता तीन महिन्यांच्या कामाचे पैसे आणायचे कसे. आणि मुदत होती. रफीकभाईंनी लेथचा सौदा यवतमाळच्या एका भंगारवाल्याशी केला होता. अठरा दिवसांनी, शुक्रवारी तो टेम्पो घेऊन येणार होता. त्याआधी पैसे आले तर लेथ राहणार, नाहीतर जाणार.

मी लगेच सल्ला दिला. परदेशी भांडवलाच्या दारात कशाला जायचं? गावात मोबाइलचं दुकान चालवणारा एक आपला माणूस होता. तो स्वतःच्या खात्यात पैसे मागवून कमिशन कापून रोख द्यायचा. बाजी माझ्यासोबत आल्या.

"पैसे अटकले तं मी कोनाले भेटू?" त्यांनी विचारलं.

"काय बाजी! सारं भरोशावर चालते आपलं."

"भरोसा हायेच जी. एक कागद लिहून द्या फक्त."

तो हसला. बाजी उठल्या. रस्त्यात म्हणाल्या, "कागद मांगितला तं हासला. पैसे मांगन तवाही हासनच."

मग त्यांनी परदेशातले पैसे इथल्या बँकेत पोचवणाऱ्या दोन पेमेंट कंपन्या तपासायला घेतल्या. एकीच्या पानावर हसऱ्या माणसांचे फोटो होते, शुल्क तीन ठिकाणी लपवलेलं होतं आणि तक्रारीसाठी पत्ता नव्हता. दुसरीचं पान अगदी रुक्ष, पण शुल्काचा तक्ता समोरच होता. बाजींनी तिथं खातं उघडलं, गिऱ्हाइकाकडून पाच डॉलर मागवले, ते बँकेत उतरवून घेतले. आणि खातं बंद करून टाकलं.

रफीकभाईंनी कपाळावर हात मारला. "हिचं डोकं पाहा! दुकान खोलते अन् शटर पडते का ते पाहते!"

कंपनीतून कुण्या बाईनं लिहून विचारलं, खातं का बंद केलंत? बाजींनी कळवलं, "बंद होतं का ते पाहत होते. झालं. आता पुन्हा उघडते."

यात चौदा दिवस गेले. बाजी शेवटच्या नकाशात गुंतल्या होत्या, म्हणून दुसऱ्या वेळचा फॉर्म मी भरला. आमच्या संघटनेत कुणी आडनाव लावत नसे. आडनाव म्हणजे जात, म्हणून आम्ही आईचं नाव लावायचो. मी आडनावाच्या रकान्यात 'शेख' न लिहिता त्यांच्या आईचं नाव लिहिलं. एका जागतिक कंपनीच्या फॉर्मवर पितृसत्तेला धक्का दिल्याचं समाधान वाटलं. बाजींना सांगायचं राहून गेलं.

बुधवारी पैसे आले आणि कंपनीतच अडकले. खात्यावरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळेना. कंपनीनं शांतपणे ओळखीचा पुरावा मागितला. बाजींनी त्याच दिवशी पाठवला, पण तपासणीला तीन कामाचे दिवस लागणार होते.

शुक्रवारी टेम्पो आला. लेथ दोरांनी बांधताना रफीकभाई आत जाऊन बसले. बाजी लेथच्या तोंडाशी, लोखंड पकडणाऱ्या चकाशी, उभ्या राहून टेम्पोवाल्याला सांगत होत्या, "चकाकडून धरू नका भाऊ, तिची दाढ दुखते."

सोमवारी पैसे बँकेत जमा झाले. मंगळवारी आम्ही तिघं यवतमाळला गेलो. लेथ अजून फोडलेली नव्हती. भंगारवाल्यानं दिले होते त्याहून चार हजार जास्त मागितले. मी नफेखोरीवर तोंड उघडणार, तोच बाजींनी माझं मनगट धरलं.

"गप बस वं. भाषन केलं तं पाच सांगन तो."

त्यांनी मोजून पैसे दिले. रफीकभाई लेथवरून हात फिरवत राहिले, जणू ती मुक्कामाला गेली होती. परतताना टेम्पोत मी म्हणाले, "बाजी, चूक माझी. पण त्यामागं तत्त्व होतं."

"हाव ना. मंग चार हजार तू देशीन."

मला वाटलं, थट्टा आहे.

"तत्त्व तुयं होतं," बाजी म्हणाल्या. "मी काहून भरू?"

मी शिकवण्या घेऊन ते अकरा महिन्यांत फेडले. बाजींनी एक रुपया सोडला नाही, एक हप्ता पुढं ढकलू दिला नाही. माझ्या तत्त्वांची संघटनेत वाहवा पुष्कळ व्हायची. पण ती खरंच माझी आहेत असं धरून चालणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.