कोपरीची ठोकलेली फियाट

गाडी ठोकली म्हणून आयुष्यातून उठलेली माणसं जगात पुष्कळ असतील. पण ठोकलेली गाडी घरच्यांनी प्रेमाने नीट करून दिली म्हणून आयुष्यातून उठलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा चुलतसासरा निघाला. चुलत म्हणायचं ते नावाला. हिचे वडील ही लहान असतानाच गेले, तेव्हापासून काका-काकूंनीच हिला वाढवलं. त्यामुळे ठाण्याला कोपरीतलं त्यांचं बैठं घर हेच माझं सासर, आणि घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली चेपलेली फियाट ही सासरची सगळ्यात मानाची मंडळी. आमच्या लग्नाची पहिली पत्रिका देवापुढे ठेवली आणि दुसरी तिच्या टपावर. मी डोळ्यांनी पाहिलंय.

शेडवर काकांनी स्वतः रंगवलेली पाटी होती : 'मोटार शर्यत संग्रहालय'. संग्रह म्हणाल तर ही फियाट, एक हेल्मेट, एका हाताचा हातमोजा आणि मिठाईवाल्याकडच्या काचेच्या बरणीत ठेवलेला मोडका वायपर. बस! पण काका एवढ्यावर पाऊण तास बोलायचे. मीटर बघायला आलेला माणूस, चुकून ह्या गल्लीत शिरलेला पाहुणा, शेजारच्या घरी मुलगी बघायला आलेली मंडळी, कुणी म्हणून सुटायचं नाही. गणपतीत तर पद्धतच पडली होती. गणपती शेडमध्ये, गाडीशेजारी बसायचा. आरती झाली की प्रसादाआधी माहिती. पोरं मोदकांकडे बघत उभी, आणि काका छडी घेऊन डाव्या मडगार्डपाशी. रिक्षावाल्यांनाही 'ठोकलेल्या गाडीपाशी सोडा' एवढं सांगितलं की पुरे. समोरून जाणारी कोळीण रोज विचारायची, "काय ओ दादा, तुमची गारी कदी बरी व्हनार?" आणि काका तेवढ्याच गंभीरपणे सांगायचे, "ती आजारी नाही, बाई. ती साक्षीदार आहे."

कसली साक्षीदार, ते सांगतो. काका एका कारखान्यात फोरमन होते. ऐंशी सालानंतर कधीतरी दूरच्या एका पडीक धावपट्टीवर रस्त्यावरच्या साध्या गाड्यांची शर्यत होती. काकांनी ही जुनी फियाट मिळवली, कारखान्यातल्या दोस्तांबरोबर वर्षभर खपून तयार केली, दारावर सत्तेचाळीस आकडा रंगवला आणि शर्यतीत उतरवली. शेवटच्या फेरीत काका दुसरे होते. पुढची गाडी गरकन फिरून आडवी झाली, आतल्या माणसाला काढायला एक झेंडेवाला धुळीतून धावत मध्ये आला, आणि काकांनी त्याला वाचवायला गाडी डावीकडे भिंतीवर घातली. हे काकांचं म्हणणं. धूळ एवढी होती की दुसऱ्या कुणालाच काही दिसलं नाही. झेंडेवाला जो पळाला तो पुन्हा सापडला नाही. आडव्या गाडीतला माणूस बेशुद्ध होता. आणि काका खांद्याचं हाड धरून बसलेले असताना लाऊडस्पीकरवरून सगळ्या मैदानाला सांगितलं गेलं : सत्तेचाळीस नंबरच्या चालकाचा ताबा सुटला.

झालं! तीन शब्द. त्या तीन शब्दांशी काका पुढची सगळी वर्षं भांडत राहिले. गाडी आहे तशी ट्रकमध्ये घालून आणली, माजिवड्यापासून कोपरीपर्यंत लोक हसत होते आणि हे ट्रकच्या मागे तिला धरून उभे. "चाकं बघा," ते प्रत्येकाला सांगायचे, "अजून डावीकडेच आहेत. पूर्ण. ताबा सुटलेल्या माणसाची चाकं अशी वळतात होय? जोर लावून, ठरवून वळवावं लागतं. माणूस खोटं बोलेल, पत्रा खोटं बोलत नाही." मग डाव्या मडगार्डपासून दाराच्या कडेपर्यंत गेलेल्या खड्ड्यावरून छडी फिरायची. हात लावायची परवानगी नव्हती. खड्ड्यात हात फक्त काका घालायचे.

कांदेपोह्यांच्या दिवशी आम्ही डोंबिवलीहून आलेलो, तर आम्हाला घरात घेण्याआधी शेडमध्ये नेलं. माझी आई दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, मुलगी..." काका म्हणाले, "बघाल हो सावकाश, मुलगी कुठे जात नाहीये." माझ्या मामांनी विचारलं, विमा मिळाला का? काकांचा चेहरा असा पडला की स्थळ हातचं गेलंच म्हणून समजा. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "म्हणजे तुम्ही मुद्दाम वळवलीत?" काका माझ्याकडे बघतच राहिले. मग घराकडे तोंड करून ओरडले, "अगं, मुलगा पसंत आहे! मुलीला बोलाव!" ही अजूनही म्हणते, तुला मी नाही, मडगार्डने पसंत केलं.

त्या गाडीची त्यांनी जी बडदास्त ठेवली ती मला जन्मात कुणी ठेवली नाही. धुळीचे दोन प्रकार होते. एक ठाण्याची धूळ, ती रोज सकाळी मऊ ब्रशने झटकायची. दुसरी शर्यतीची धूळ, म्हणजे चाकाच्या आत वाळून बसलेली तांबडी माती, तिला फुंकरसुद्धा मारायची नाही. मी एकदा जावईपणाच्या उत्साहात फडकं फिरवलं तर पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. खाडीच्या खारट वाऱ्याने पत्रा गंजू नये म्हणून खोबरेल तेलाचा कापूस, पावसाळ्यात छतातून गळलं तर घरातल्या चादरी आधी तिच्यावर, मग माणसांवर. आणि एवढा हा शर्यतबाज माणूस त्या दिवसानंतर पुन्हा कधी स्टिअरिंगला बसला नाही. सायकल चालवायचे, तीही अशी की चालणारे पुढे जावेत. रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याने पुढच्याला मागे टाकलं की खांद्यावर थोपटून म्हणायचे, "उतरव रे मला. तू जा."

काकूंना ते 'धूड' वाटायचं. "त्या धुडाला तेलपाणी झालं असेल तर स्वतःही अंघोळ करा," हे रोजचं. वाद रंगला की काकू थंडपणे म्हणायच्या, "अहो, सुटला असेल ताबा. माणसाचा सुटतो. कबूल करा आणि जेवायला या." काका ताटावर बसायचे, पण घास उतरायचा नाही. अख्ख्या जगाने म्हटलेलं त्यांनी एकवेळ ऐकून घेतलं असतं. घरातून ऐकणं फार लागायचं त्यांना. मला म्हणायचे, "जावईबापू, ही एकदा म्हणाली ना, की वळवली, तर मी ही पाटी उतरवीन."

मग आली त्यांची एकसष्टी. काय द्यायचं म्हणून बायकांची खलबतं झाली, आणि काकूंच्याच मनात आलं की ह्यांचा जीव त्या गाडीत, तर ती गाडीच नवी करून देऊ या! ह्यांना हसणाऱ्यांची तोंडं तरी बंद होतील. आता ह्याला काय म्हणावं? प्रेमच होतं हो ते, निखळ प्रेम. मला काकांबरोबर कोकणात कुलदेवतेला पाठवलं, आणि का पाठवलं ते मला सांगितलं नाही, कारण हिच्या मते माझ्या पोटात काही राहत नाही. काका निघताना काकूंना चारदा बजावून गेले, पाऊस आला तर चादर. काकूंनी चारदा मान हलवली. आमची गाडी कोकणच्या वाटेला लागली आणि फियाट कल्याणच्या एका गॅरेजच्या.

तो गॅरेजवाला दुर्दैवाने फार चांगला कारागीर होता. आठवड्याने आम्ही परत आलो तर शेडला तोरण, दारात रांगोळी, गल्ली जमलेली आणि आत एक तुळतुळीत, मोतिया रंगाची फियाट हार घालून उभी. मडगार्डवर तोंड बघून भांग पाडावा. सत्तेचाळीसचा आकडा गेला होता. तांबडी माती पाइपाने धुऊन निघाली होती. चाकं नाकासमोर सरळ. हिने टाळ्या पिटल्या, "काका, आता चालते पण! बसा ना!" काका गाडीभोवती एक फेरी फिरले. डाव्या बाजूला थांबले, पत्र्यावरून तळवा फिरवला, सवयीने तो आत जायला गेला आणि गेला नाही. मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, "छान केलीत. छान केलीत हं." पाटावर बसले, एकसष्ट दिव्यांनी ओवाळून घेतलं, सगळ्यांना वाकू दिलं. आशीर्वाद देताना त्यांची नजर डाव्या मडगार्डवरून हटत नव्हती आणि बाया म्हणत होत्या, किती आनंद झालाय बघा.

दुसऱ्या दिवशी पाटी उतरली. काकांनी पाटी कुठल्या अटीवर उतरवायची ठरवली होती ते मला ठाऊक होतं, म्हणून मला ते बघवेना. ब्रश, तेल, छडी, सगळं बंद. शेडच्या उंबऱ्यावर बसून राहायचे. मी डोंबिवलीहून रविवारी जायचो. एकदा म्हणाले, "पत्रा खोटं बोलत नाही म्हणायचो ना मी? आता तो म्हणतो, काही झालंच नाही. ताबा सुटला म्हणत होते ते तरी बरे होते हो, निदान मी तिथे होतो हे त्यांना मान्य होतं." मी चहा प्यायलो. त्याच आठवड्यात घोडबंदर रोडवरचं एक कुटुंब विचारायला आलेलं, गाडी झकास आहे, नवरदेवासाठी एक दिवस द्याल का? काका उठून आत गेले.

काकूंचं तर सगळं अवसानच गेलं. त्या एकट्या कल्याणला गेल्या आणि गॅरेजवाल्याला म्हणाल्या, "जसा होता तसा खड्डा परत पाडून द्या." तो बिचारा घाबरला. म्हणाला, "काकू, ठोकलेली सरळ करतो मी. सरळ आहे ती ठोकून द्या म्हणून आजवर कुणी आलेलं नाही." एका दुपारी मी अचानक गेलो तर काका झोपलेले, आणि शेडमध्ये काकू पदर खोचून हातात वरवंटा घेऊन फियाटसमोर उभ्या. मला बघून त्यांनी वरवंटा पदराआड घेतला. रडत म्हणाल्या, "हात उचलत नाही हो. आणि मी पाडलेला तो त्यांचा थोडाच होणार?" हसावं की रडावं कळेना. मी वरवंटा घेतला आणि पाट्यावर नेऊन ठेवला.

त्या वर्षी गणपती नेहमीसारखा शेडमध्ये बसला. आरती झाली. पोरांनी प्रसादासाठी हात पुढे केले. काका कोपऱ्यात खाली मान घालून उभे. काकू मोदकांचं ताट घेऊन आल्या, आणि ताट तसंच धरून म्हणाल्या, "थांबा. आधी माहिती." काकूंनी काकांकडे बघितलं. "अहो, सांगा ना. मुलं खोळंबलीयेत."

काका पुढे आले. आवाज बसलेला. छडीही नव्हती. चकचकीत पत्र्यावर हात ठेवून म्हणाले, "इथे... इथे खड्डा होता."

"तिथे नाही," काकू म्हणाल्या. ताट माझ्या हातात देऊन पुढे झाल्या आणि काकांचा हात धरून सरकवला. "चार बोटं खाली. आणि असा, दाराच्या कडेपर्यंत. कडेला पत्रा दुमडलेला, तिथे पावसाळ्यात पाणी साचायचं."

काका त्यांच्याकडे वळले. "तुला काय माहीत?"

"तुम्ही कामावर गेलात की कोण पुसायचं ते? एवढी वर्षं दुसरं होतंच काय बघायला ह्या घरात!"

काकांनी हळूच विचारलं, "मग आता सांग. ताबा सुटला, की वळवली?" काकूंच्या ओठांवर आलं होतं, मी शपथेवर सांगतो, आलं होतं. पण चारचौघांत नवऱ्यापुढे हार मानायची सवय नव्हती त्या बाईला. "पुरे झालं, मोदक गार होतायत," म्हणाल्या आणि माझ्या हातातून ताट काढून घेतलं. काका हसले. त्यांना वाटलं असावं, पुढच्या गणपतीत विचारू.

पुढच्या गणपतीपर्यंत काका राहिले नाहीत. चैत्रात दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. काकूंनी कुणाचं न ऐकता शेडमध्ये गणपती आणला, आणि आरतीनंतर स्वतः मडगार्डपाशी उभ्या राहिल्या. पाटी परत लागली होती. नव्याने राहायला आलेल्या एका गृहस्थांनी गुळगुळीत पत्र्याकडे बघत, जरा हसूनच विचारलं, "म्हणजे ताबा सुटला होता म्हणा की."

"नाही," काकू म्हणाल्या. हात बरोबर चार बोटं खाली होता. "ताबा सुटला नव्हता. त्यांनी वळवली. माणूस होता समोर, म्हणून वळवली."

गृहस्थांनी मान डोलावली तेव्हाच त्यांना मोदक मिळाला. मग काकू माझ्याकडे वळल्या आणि मी काही बोलतो का म्हणून बघत राहिल्या. हेच वाक्य एक वर्ष आधी म्हणायचं होतं हो काकू, एवढंच माझ्या मनात होतं, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी प्रसादासाठी हात पुढे केला.